शून्यावर आणण्याबाबत

गणिताच्या कंपाससरांची जागा दोनदा रद्द झाली. पहिल्यांदा झाली तेव्हा ते वर्गात होते. दुसऱ्यांदा झाली तेव्हा ते शाळेतच काय, त्या शहरातही नव्हते, आणि तरी हे दुसरं रद्द करणं पहिल्यापेक्षा जास्त व्यवस्थित पार पडलं. पण असं काही झालेलंच नाही असं धरून चाला. भूगोलाच्या बाईंनीही तसंच धरलं होतं, आणि त्या तर इतकी वर्षं त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या.

तर काहीही झालेलं नव्हतं आणि बाई सकाळी पावाच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. त्यांचा नंबर आला. "मला एक मोठा," असं म्हणून बाई थांबल्या. दुकानदारही थांबला. मागची रांग थांबलेलीच होती, ती आणखी थांबली. बाई विसरल्या होत्या अशातला भाग नाही. मोठा पाव, कापलेला, हे त्यांना स्वच्छ ठाऊक होतं. त्या फक्त आपलं अर्धं बोलून झाल्यावर जसं थांबायचं तशा थांबल्या होत्या. आता समोरून, जरा लांबून, कोणीतरी "हं" म्हणेल, मग थोडा वेळ त्याचं काहीतरी चालेल, ते आपण ऐकू, आणि मग आपलं उरलेलं वाक्य. पण समोर दुकानदार होता. तो "हं" म्हणाला नाही. तो म्हणाला, "मोठा काय, ताई?" आणि हा प्रश्न बाईंना असा काही लागला की त्या पाव न घेताच रांगेतून बाहेर पडल्या आणि शाळेच्या दिशेनं चालू लागल्या. मोठा काय. खरंच, मोठा काय. म्हणजे हे आता शाळेबाहेरही यायला लागलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि पायाखालची फरशी जराशी सैल असल्यासारखी वाटली. ती होतीच सैल. त्या रस्त्याच्या फरश्याही बरीच वर्षं कोणी पुन्हा बसवलेल्या नव्हत्या.

शाळेच्या पूर्वेकडच्या वर्गांचं छत गळायला लागलं तेव्हा खात्यानं दुरुस्ती नामंजूर केली, म्हणजे एका अर्थी पाण्याला मंजुरी दिली. मग तिथला गणिताचा वर्ग उचलून बाईंच्या लांबोड्या खोलीत आणला. या खोलीत पूर्वी चित्रकला चालायची. चित्रकला आदल्या वर्षीच गेली होती, भिंतीवर निळ्या रंगाचे हात तेवढे उरले होते. खोलीच्या एका टोकाला बाईंचा फळा, दुसऱ्या टोकाला सरांचा, आणि मधे मुलं, अर्धी इकडे तोंड करून, अर्धी तिकडे, मधल्या ओळींच्या पाठी एकमेकींना टेकलेल्या. 'सुरक्षितता' या सदराखाली थोडी रक्कम उरली होती, ती परत जाऊ नये म्हणून सगळे बाक बोल्टनं जमिनीत पक्के केले. बोल्ट काढायचं सदर नव्हतं. पहिल्या आठवड्यात दोघं एकदम शिकवत. त्या आठवड्याच्या चाचणीत एका मुलीनं त्रिकोणाची राजधानी लिहून दिली, आणि बाईंना तिला अर्धा गुण द्यावासा वाटला, कारण राजधानी बरोबर होती. मग ठरलं. कोणी ठरवलं नाही, आपोआप ठरलं, की तासाचा एक अर्धा बाईंचा आणि एक अर्धा सरांचा. बाई बोलत तेव्हा सरांची मुलं गप्प बसून उदाहरणं सोडवत. मग बाई खडू पत्र्याच्या डबीत टाकत. टण् आवाज होई. तिकडून सर म्हणत, "हं." आणि मग त्यांचं सुरू होई, आणि बाईंची मुलं उरलेला धडा मनात वाचत.

बाई खुर्चीत बसत आणि बघत. दुसरं काय करणार. सरांचा एक पाय फळ्यासमोर रोवलेला असायचा, आणि दुसऱ्या पायानं ते त्याच्याभोवती फिरत फिरत हातानं एवढं गोल वर्तुळ काढायचे की मुलांनी त्यांना कंपास म्हटलं ते काही थट्टेनं नव्हे, वर्णन म्हणूनच. मुलांच्या पाठमोऱ्या डोक्यांवरून त्यांचा चेहरा दिसायचा, पैलतीरावर उभ्या माणसासारखा लहान आणि स्पष्ट. बाईंचं चालू असे तेव्हा ते तिकडून असेच बघत. सिंकचा नळ दुरुस्त करता करता 'बोल ना, ऐकतोय' असं म्हणणारा नवरा बाईंचा लाडका होता, संसार गोडीचा होता, पण एखाद्या मोठ्या माणसानं आपल्याकडे रोज इतका वेळ, हातातलं सगळं टाकून, बघत ऐकावं हे बाईंच्या आयुष्यात दुसरीकडे कुठं घडलं नव्हतं. बाकी दोघांचं बोलणं म्हणाल तर जवळजवळ नाहीच. शिक्षकांची खोली भाड्यानं दिलेली, मधल्या सुट्टीत कोणी व्हरांड्यात, कोणी जिन्यात. पण सरांचे खोकले बाईंना वेगवेगळे ओळखू येत. एक घशाचा, एक खडूचा, आणि एक, वरचं कार्यालय पुन्हा काहीतरी कमी करणार अशी बातमी आल्याचा.

यात तोटा एवढाच झाला की कशाचाच शेवट झाला नाही. अर्ध्या तासात धडा जिथवर जाई तिथवर जाई, पुढचं 'वाचून घ्या'. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना सगळ्या नद्या उगमापासून मधल्या एखाद्या शहरापर्यंत नीट ठाऊक असत. तिथून पुढं नद्या काय करतात हे ज्यानं त्यानं आपापलं बघून घ्यावं. सरांकडेही तेच. त्यांची मुलं शून्याच्या खालच्या संख्यांमध्ये व्यवस्थित उतरत, पण वर कसं यायचं तो भाग नेहमी मनात वाचण्यावर जाई. अशी कितीतरी मुलं आज शहरात नोकऱ्या करत असतील, असं बाईंना कधी कधी रस्त्यानं चालताना वाटे. अर्ध्यातच थांबलेली, चेहऱ्यानं अगदी ठीक असलेली. एखादा समोरून येणारा माणूस मधेच थांबून खिसे चाचपायला लागला की बाई त्याच्याकडे निरखून बघत. आपल्याकडचा तर नाही ना.

मग सर 'अतिरिक्त' ठरले. अतिरिक्त ठरलेल्या माणसाला दुसरीकडे जागा देतात असं म्हणतात, पण दुसरीकडचेही अतिरिक्तच होते. सरांचा धाकटा भाऊ परगावी पडदे शिवायचा, त्याच्या दुकानात ते मापं घ्यायला गेले. शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर ते खोलीची सगळी लांबी चालून बाईंच्या फळ्यापर्यंत आले. जवळून ते बरेच उंच होते आणि कानाजवळ दाढीचा एक ठिपका राहून गेला होता. तो लांबून कधी दिसला नसता. बाईंना तो बघून एकदम भरून आलं, आणि त्या डस्टर झटकायला लागल्या.

"माझी मुलं पाठमोरी असतील," सर म्हणाले, "पण ऐकतात. त्यांची वाटणी होऊ देऊ नका, बाई."

बाई म्हणाल्या, नाही होऊ देणार.

"आणि तुमची नदी एकदा समुद्राला मिळू द्या. इतकी वर्षं ऐकली, मिळालेली कधी ऐकली नाही. तेवढ्यात माझी पाळी यायची."

हे सगळं आठवत बाई शाळेत पोचल्या. हजेरी झाली. सरांची मुलं अजून तिकडंच तोंड करून बसत होती, बोल्ट होते तसेच होते. रिकाम्या फळ्यावर सरांचं शेवटचं वर्तुळ पुसट उरलं होतं, ते पुसायला कोणी धजावत नव्हतं. दोन्ही वर्ग आता बाईंचे, दोन्ही विषय बाईंचे, अख्खा तास बाईंचा. बाईंनी सुरुवात चांगली केली. पठारं झाली, घाट झाला. मग हात आपोआप डबीकडे गेला, खडू पडला, टण् आवाज झाला, आणि खोलीतलं सगळं थांबलं. बाई थांबल्या, इकडची मुलं थांबली, तिकडच्या पाठी थांबल्या. सगळ्यांनी तिकडच्या फळ्याकडे कान लावले. "हं" आलं नाही. रोजचंच होतं हे. कोणी हसत नव्हतं, कोणी कुजबुजत नव्हतं. इतका शांत वर्ग शाळेत दुसरा नव्हता, आणि व्हरांड्यातून जाणारे बाकीचे शिक्षक त्याचा हेवा करत. बाईंना ठाऊक होतं, बोलायला हवं. तोंड उघडलं की जीभ म्हणे, अहो, आपली पाळी नाही.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना मधल्या सुट्टीत जिन्यात गाठलं. मोठ्या बाईंचं कार्यालय आता जिन्याच्या वळणावरच होतं. वर जाणाऱ्यांना त्या डावीकडून भेटत, खाली येणाऱ्यांना उजवीकडून. त्यांनी सांगितलं की गुरुवारी तपासनीस येणार. एक शिक्षक दोन्ही टोकं सांभाळू शकतो असं दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर सरांच्या बाजूच्या मुलांची वाटणी, थोडी मुलं बंदराकडच्या शाळेत, थोडी डेपोमागच्या, उरलेली जिथं बाक रिकामा असेल तिथं.

"बाई, खरं सांगा," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "अर्धा तास तुम्ही आत करता काय?"

"वाट बघते."

"कोणाची?"

बाईंनी सांगितलं की कोणाची असं नाही, सवय आहे. मोठ्या बाईंनी खूप वेळ कठड्याचा रंग नखानं खरवडला आणि म्हणाल्या की गुरुवारपर्यंत तेवढी सोडा.

घरी नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आला होता आणि मटार सोलत होता. बाईंनी त्याला पाठमोरं बसवलं. तो बसला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस कारणं विचारत नाही. बाईंनी नदी सुरू केली. डोंगर, झरा, पहिला धबधबा, दुसरी नदी येऊन मिळते ते ठिकाण. नवरा शेंगा सोलत होता, दाणे वाडग्यात पडत होते. मग एक दाणा टण्कन वाडग्याच्या कडेवर आपटला आणि बाई थांबल्या. नवऱ्यानं पुढची शेंग उचलली.

"अडकली," तो पाठमोराच म्हणाला. "दोन मजल्यांच्या मधे."

कडेवर आपटलेला दाणा बाईंनी उचलून वाडग्यात टाकला.

"आमच्याकडे पाटी असते. घाबरू नये. दार जोर लावून उघडू नये. मदत येत आहे."

"कुठून येते?"

"ते पाटीवर लिहीत नाहीत."

बाईंना हसू आलं आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्यानं वळून बघितलं नाही, कारण त्याला पाठमोरं बसायला सांगितलेलं होतं, आणि शब्दाचा तो पक्का. मग तो म्हणाला की त्या कंपासला फोन तरी कर. बाईंनी फोन घेतला आणि गॅलरीत गेल्या. खाली रस्त्यावर संध्याकाळची माणसं घरी परतत होती. फोन उचलला गेला. बाई गप्प राहिल्या. तिकडेही गप्प. शिलाई मशीनचा आवाज येत होता, मग तो थांबला. दोघंही एकमेकांचं संपायची वाट बघत राहिले, अगदी शिस्तीत, जसं वर्षानुवर्षं केलं होतं तसं, आणि बाईंना त्या गप्प राहण्यात इतकं बरं वाटलं की फोन कशासाठी केला हेही आठवेना. शेवटी तिकडून आलं, "हं."

गॅलरीच्या कठड्याला बाईंनी घट्ट धरलं.

"समुद्र झाला का?" सरांनी विचारलं.

"अजून नाही."

"होईल," सर म्हणाले. मग खडूचा खोकला आला, जो आता बहुधा कापडाच्या धुळीचा असावा. पुढं तिकडून त्यांच्या भावानं कोणत्या तरी खिडकीची उंची विचारली, आणि फोन तसाच, कोणी न ठेवता, संपला.

गुरुवारी तपासनीस आले. तरुण होते, नाक चोंदलेलं होतं, आणि कपात त्यांनाही लागू होती. एका दिवसात इतक्या शाळा उरकायच्या की वर्गात येऊन बसणं त्यांना आता परवडत नसे. ते दाराबाहेर उभं राहून ऐकत आणि पुढं जात. बाईंना व्हरांड्यात त्यांच्या बुटांचा आवाज आला. मोठ्या बाईंच्या चपलांचाही आला. दार लोटलेलं होतं. बाईंनी नदी सुरू केली. डबी त्यांनी आज मुद्दाम कपाटात ठेवली होती, आणि खडू हातात असा धरला होता की बोटं दुखायला लागली. डोंगर झाला. झरा झाला. मिळणाऱ्या नद्या झाल्या. ते मधलं शहर आलं, जिथं सगळ्या नद्या नेहमी येऊन थांबत, आणि बाईंना जाणवलं की टण् आवाजाची गरजच नव्हती, तो आता आतच होतो. वाक्य तोंडात होतं, 'इथून पुढं नदी', एवढंच. इथून पुढं नदी. वर्ग थांबला. भिंतीवरचे निळे हात थांबले. बाहेर बूट थांबलेले होते. बाईंना पाठमोरी डोकी दिसली, वेण्या, भोवरे, एक सुटलेली रिबन, आणि त्यांना वाटलं, ही बंदराकडे, हा डेपोमागे, ही जिथं बाक रिकामा असेल तिथं. माझ्यामुळं. एका वाक्यामुळं.

आणि तिकडच्या टोकाकडून आलं, "हं."

एकाचं नव्हतं ते. सरांच्या सगळ्या मुलांचं होतं, एकदम, रिकाम्या फळ्याकडे बघत, खालच्या पट्टीत. त्यांचं वय आवाज फुटायचं होतं. काही फुटलेले, काही फुटायच्या बेतात, सगळे मिळून जो आवाज झाला तो बाहेरून ऐकणाऱ्याला एका जरा घोगऱ्या, जरा थकलेल्या, पण अनुभवी माणसाचा वाटला असता. "आता शून्याच्या खाली उतरू," तो आवाज म्हणाला. "घाबरू नका. जिना आहे. वर जेवढ्या पायऱ्या तेवढ्याच खाली. खाली अंधार असेल, पण पायऱ्या कमी नसतात." मधेच आवाज खोकला. खडूचा खोकला, हुबेहूब. इतके दिवस ही मुलंही वाट बघत होती, त्यांचीही पाळी येत होती आणि निघून जात होती, आणि आज बाहेर कोणीतरी परकं उभं आहे म्हटल्यावर त्यांनी आपल्या सरांची गैरहजेरी लागू दिली नाही. सरांचं सगळं म्हणून झालं, उणे पाचापर्यंत सगळे उतरले, आणि मग पाठमोरी डोकी गप्प झाली. आता बाईंची पाळी होती.

बाईंचं वाक्य सुटलं. इथून पुढं नदी रुंद होते, त्या म्हणाल्या, आणि खडू घेऊन खाली वाकल्या. फळ्यावरची रेघ त्यांनी भिंतीवर उतरवली, भिंतीवरून जमिनीवर, बाकांच्या मधल्या वाटेनं, बोल्टांना वळसे घालत. नदी मंद होते. गाळ टाकते. तिला फाटे फुटतात. बाई ओणव्या चालत होत्या, गुडघे कुरकुरत होते, त्यांची मुलं माना वळवून बघत होती, आणि खोलीचं ते दुसरं टोक, जे इतकी वर्षं पैलतीर होतं, जवळ येत होतं. सरांच्या फळ्याशी त्या उभ्या राहिल्या. तिथून आपली खोली कशी दिसते हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आपली खुर्ची केवढीशी होती. मग त्यांनी सरांच्या पुसट वर्तुळाला नदी नेऊन जोडली, आणि वर्तुळाच्या आत हळूहळू लाटा काढल्या. "हा समुद्र," बाई म्हणाल्या. पाठमोऱ्या मुलांना तो अगदी समोर होता.

बाहेर काय झालं ते मोठ्या बाईंनी नंतर जिन्यात सांगितलं. तपासनिसांना वर्ग आवडला. इतका आवडला की त्यांनी विचारलं, आत दोघं शिकवतात ना? मोठ्या बाई म्हणाल्या, एकच. तपासनीस म्हणाले, मॅडम, मी स्वतः दोघांना ऐकलं. आता खरं सांगावं तर मुलांची वाटणी होणार, म्हणून मोठ्या बाईंनी कठड्याचा रंग खरवडला. तपासनीस नाक पुसून म्हणाले की मुलं आहेत तिथंच राहू देत, वर्ग उत्तम आहे, मात्र मागच्या बाजूचे शिक्षक मंजुरीपेक्षा जास्तीचे दिसतात. मग तसाच खात्याचा आदेश आला की सदर शिक्षकाची जागा रद्द.

वर्गात हे सांगितलं तेव्हा सरांच्या बाजूची सुटलेल्या रिबनवाली मुलगी फळ्याकडे बघूनच म्हणाली, "बाई, एक सर होते. दोनदा गेले. म्हणजे आता उणे एक आहेत." दोन्ही बाजूंनी हिशेब करून बघितला. बरोबर होता. घरी नवरा म्हणाला, उणे एक म्हणजे तळघराचं बटण, आमच्याकडे लिफ्टला असतं ते, फार काही नाही, एकच मजला वर मागा. मग दोन्ही वर्गांनी मिळून अर्ज लिहून मागितलं, बाईंनी शुद्धलेखन तपासलं, आणि खाली मोठ्या बाईंनी जिन्यात बसून सही केली:

"उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, या शाळेत गणिताचे एक शिक्षक असताना ते दोन वेळा कमी करण्यात आले असून, सद्यःस्थितीत शाळेत उणे एक शिक्षक कार्यरत आहेत. उणे एक शिक्षकाकडून अध्यापन करून घेताना अडचणी येत आहेत. खात्याची आर्थिक स्थिती लक्षात घेता शाळा कोणत्याही शिक्षकाची मागणी करीत नाही. केवळ शाळेस शून्यावर आणण्याकरिता एक शिक्षक देण्यात यावेत. सदर शिक्षक उंच असावेत, त्यांनी एक पाय रोवून उभे राहावे, तासाचा पहिला अर्धा भाग त्यांनी गप्प बसून समोर बघावे, व खडूचा आवाज होताच 'हं' असे म्हणावे, ही नम्र विनंती."